गोष्टीत तिचं नाव आलं की लेक टक्क जागी होते

लेकीचा बाबा

नमस्कार. लेक सव्वाचार वर्षांची आहे. दोन महिन्यांपूर्वी बायकोच्या कामाची वेळ बदलली, आता ती रात्री साडेदहाला घरी येते. त्यामुळे लेकीला झोपवणं माझ्याकडे आलं. आधी आईच्या कुशीत ती पंधरा-वीस मिनिटांत झोपायची.

पहिला आठवडा पुस्तकं वाचली. मग एका रात्री तिचं आवडतं पुस्तक सापडेना, म्हणून दिवा मालवून तोंडीच सुरुवात केली. "एक मुलगी होती. तिचं नाव..." आणि तिचंच नाव घेतलं. अंधारात चेहरा दिसत नव्हता, पण माझ्या दंडावरची तिची बोटं एकदम घट्ट झाली. "मी?" "हो, तूच." त्या रात्री गोष्ट संपायच्या आत ती झोपली. पुढच्या दोन रात्रीही तसंच. मला वाटलं, जमलं.

चौथ्या रात्रीपासून उलटं सुरू झालं. "नाही बाबा, माझे बूट पिवळे नव्हते, लाल होते." "आणि मग मी उडाले. ढगावर गेले. तिथे घसरगुंडी होती." ती रंगून जाते म्हणून मीही वाढवत गेलो. साडेआठला आडवे होतो आणि ती झोपते दहा, सव्वादहाला. दोनदा तर आई आली तेव्हा ती उठून बसलेली होती.

मध्ये चार रात्री फोनवरचं एक अ‍ॅप वापरून पाहिलं. मुलाचं नाव, वय, आवडता प्राणी भरला की गोष्ट तयार मिळते, चित्रासकट. गोष्टी वाईट नव्हत्या. पण प्रत्येक गोष्टीच्या शेवटी ती शर्यत तरी जिंकते नाहीतर तारा तरी पकडते, आणि सगळे टाळ्या वाजवतात. टाळ्या ऐकून कोण झोपेल? शिवाय चित्र दाखव म्हणून ती फोन हातात घेते.

त्यात भीतीही आहे. खोलीच्या दारामागे माझा कोट टांगलेला असतो. त्याची तिला भीती वाटायला लागली, म्हणून एका गोष्टीत मी तिला त्या कोट-राक्षसाला हाकलून लावायला लावलं. त्या रात्री खूश होती. दुसऱ्या रात्री तिने विचारलं, "हाकलला तर तो गेला कुठे?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता दार उघडं ठेव, मग बंद कर, मग परत उघड, असं चालतं.

गोष्टी सोडून द्यायची माझी इच्छा नाही. दिवसभरात फक्त तिचा आणि माझा असा हा एवढाच वेळ असतो. पण मी सांगतोय त्यात काहीतरी चुकतंय. नाव घालावं की घालू नये? गोष्ट कशी असावी? आणि त्या राक्षसाचं आता काय करू?

पहाटपक्षी

सगळ्यात आधी फोन खोलीबाहेर. अ‍ॅपमधून गोष्ट घ्यायचीच असेल तर दुपारी वाचून ठेवा आणि रात्री आपल्या शब्दांत सांगा. लहान मुलांचे डोळे संध्याकाळच्या उजेडाला फार लवकर प्रतिसाद देतात. अमेरिकेत २०१८ साली ३ ते ५ वर्षांच्या दहा मुलांवर एक प्रयोग झाला होता. झोपायच्या वेळेआधी तासभर प्रखर उजेडात खेळवल्यावर त्यांच्या शरीरातलं मेलाटोनिन, म्हणजे रात्र झाली असं शरीराला कळवणारं संप्रेरक, ८८ टक्क्यांनी घटलं. उजेड बंद केल्यावर पाऊण तासाहून जास्त वेळ ते खालीच राहिलं. फोनचा उजेड त्या प्रयोगाइतका प्रखर नसतो हे कबूल, पण मूल तो नाकाजवळ धरतं आणि त्यात हलतं काहीतरी दिसत असतं.

दुसरं, क्रम ठरवा आणि तो मोडू नका. दात घासणं, शू, पाणी, दिवा मंद, गोष्ट, थोपटणं. १४ देशांतल्या दहा हजारांवर मातांकडून माहिती घेतलेला एक मोठा अभ्यास २०१५ मध्ये आला होता. आठवड्यातल्या जितक्या जास्त रात्री हा क्रम पाळला जातो, तितकी मुलं लवकर झोपतात आणि रात्री कमी उठतात, असं त्यात दिसलं. आमच्या घरी क्रम लागायला तीन आठवडे लागले. मधल्या दिवसांत धीर सुटतो, तेवढा सांभाळा.

दोन मुलांची आई

मी जरा वेगळं सांगते. नावच काढून टाका.

मोठ्याच्या वेळी मीही हेच केलं होतं. त्याची गोष्ट, त्याचा घोडा, त्याचा किल्ला. सहा महिन्यांत अशी पाळी आली की गोष्ट मनासारखी झाली नाही तर तो रडायचा. "मी हरलो असं का सांगितलंस?" म्हणून एकदा अर्धा तास हुंदके देत होता. गोष्टीतल्या सशाचं काही बिघडलं तर मूल ते लांबून बघतं. स्वतःचं बिघडलं तर त्याला खरंच लागतं. मग मी एकच पुस्तक घेतलं आणि आठ महिने रोज रात्री तेच वाचलं. मला कंटाळा आला, त्याला कधीच आला नाही. धाकटीला पहिल्या दिवसापासून तेच. दोघंही वेळेवर झोपतात.

बालवाडीची ताई

लेकीचे बाबा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मी एकोणीस वर्षं बालवाडीत आहे. त्यातली बरीच वर्षं दुपारच्या वेळी वीस-बावीस मुलांना एकाच खोलीत झोपवायचं काम माझ्याकडे होतं. त्या खोलीत जे कळलं ते सांगते. लांबेल, पण सांगते.

आधी नावाबद्दल. आपलं नाव हा मुळात उठवणारा शब्द आहे. बाळ साडेचार महिन्यांचं होतं तेव्हाच ते स्वतःचं नाव इतर नावांपासून वेगळं ओळखायला लागतं. झोपेतसुद्धा ही ओळख सुटत नाही. १९६० साली इयान ऑस्वल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झोपलेल्या माणसांना नावांची यादी ऐकवली होती. स्वतःचं नाव आलं की त्यांच्या मेंदूत इतर नावांपेक्षा जास्त हालचाल उमटायची. नतालिया कुचिरकोव्हा या संशोधक मुलांच्या नावानिशी तयार केलेल्या पुस्तकांवर काम करतात. स्वतःचं नाव आणि स्वतःचे संदर्भ असलेल्या भागातून मुलं नवे शब्द जास्त शिकली, असं त्यांना आढळलं. शिकण्यासाठी हे उत्तमच आहे. पण शिकणारं मूल म्हणजे कान टवकारलेलं मूल. तुमच्या दंडावरची बोटं घट्ट झाली ना, ती त्यामुळेच.

त्यामुळे वरच्या ताईंनी जे पाहिलं ते बरोबर आहे. पण नाव साफ काढून टाकावं असं मला वाटत नाही. ते एकदाच घ्या, दाराची कडी वाजवावी तसं. दार उघडल्यावर आपण कडी वाजवत राहत नाही. पहिल्या वाक्यात नाव, मग "ती मुलगी", मग नुसतं "ती", आणि शेवटी तीही नाही. राहतं फक्त पांघरूण, उशी, श्वास. आमच्या खोलीत बावीस नावं घेणं शक्यच नव्हतं. मी म्हणायचे, "पिवळ्या सतरंजीवर एक पिल्लू होतं." सतरंज्या सगळ्यांच्याच पिवळ्या. प्रत्येकाला वाटायचं, ते आपणच. आणि कुणी उठून बसायचं नाही.

आता तुमच्या गोष्टींतली क्रियापदं बघा. उडाली, पळाली, हाकललं, जिंकलं. मुलं गोष्ट नुसती कानांनी ऐकत नाहीत. मी "ससा पळाला" म्हटलं की तीन-चार पांघरुणं हललेली मी कित्येकदा पाहिली आहेत. "ससा बिळात शिरला आणि पाय पोटाशी घेऊन बसला" म्हटलं की तीच मुलं कूस बदलून पाय पोटाशी घ्यायची. रात्रीच्या गोष्टीला उतार हवा. सुरुवात तिच्या आजच्या दिवसातल्या एखाद्या खऱ्या बारीक गोष्टीने करायची आणि तिथून हळूहळू खाली उतरायचं. समजा आज तिचा निळा खडू हरवला होता आणि मग सापडला:

"आज एका मुलीचा निळा खडू पलंगाखाली गेला होता. (नाव इथे, एकदाच.) तिने वाकून तो काढला. त्याच्यावरची धूळ पुसली. खडू डब्यात ठेवला. डब्यात लाल खडू आधीच आडवा झाला होता. हिरवाही आडवा झाला होता. निळा त्यांच्या शेजारी आडवा झाला. डब्याचं झाकण लागलं. डबा कपाटात गेला. कपाटाचं दार लागलं. खाली बुटांची जोडी होती. डावा बूट उजव्या बुटाला टेकला. टेबल चार पायांवर गप्प उभं होतं. पडदा थोडा हलला... आणि थांबला. पांघरूण वर गेलं... खाली आलं. वर गेलं... खाली आलं."

यात काही घडत नाही, असं तुम्हाला वाटेल. घडतं. एक हरवलेली गोष्ट सापडते आणि आपल्या जागी जाऊन पडते. चार वर्षांच्या जिवाला रात्री तेवढं पुरतं. शेवटची वाक्यं तिच्या श्वासाच्या चालीवर घ्या. आधी तिच्या वेगाने, मग किंचित हळू. आवाज बारीक करू नका, खाली आणा. कुजबुजलं की मुलं ऐकायला डोकं वर उचलतात.

गोष्टीत प्रश्न विचारू नका. "मग काय झालं असेल?" हे दिवसा फार छान असतं. रात्री त्याने जाग येते. ती मध्ये बोलली तर वाद घालू नका आणि फुलवूही नका. "लाल बूट होते." "हं, लाल." तेवढंच. "मी उडाले." "हं, उडाली. आणि हळूहळू खाली आली. पाय गवताला लागले." मात्र तिच्या उडण्याला दिवसात कुठेतरी जागा द्या. कामावर जायच्या आधी किंवा आल्यावर, दिवे लख्ख असताना दहा मिनिटं बसा आणि तिला ढगावरच्या घसरगुंडीची गोष्ट हवी तशी सांगू द्या. तिला कल्पना लढवायची आहे, ती बंद करून चालणार नाही. नुसती वेळ बदला.

शेवट रोज तोच ठेवा, शब्दन् शब्द तोच. सुरुवात रोज नवी चालेल. चिऊ-काऊची गोष्ट आपल्याला इतकी का आवडायची? काऊ दार वाजवतो आणि चिऊ म्हणते, "थांब, माझ्या बाळाला..." पुढे काय येणार ते आपल्याला माहीत असायचं, आणि ते येईपर्यंत डोळे जड व्हायचे. पुढचं माहीत असलं की मुलाला पहारा द्यावा लागत नाही.

आता राक्षस. रागावू नका, पण हाकलून लावण्यासाठी आधी तो आहे हे तुम्ही मान्य केलंत. तिचा प्रश्न अगदी रास्त आहे. उद्या उजेडात तिला घेऊन कोट खाली काढा. बाहीत हात घालू द्या, खिशात काय आहे ते बघू द्या, आणि दोघं मिळून तो दुसरीकडे टांगा. मग तिचं एखादं मऊ खेळणं घ्या आणि त्याला सांभाळायचं काम तिला द्या. आवी सादेह यांच्या संशोधक गटाने रात्री फार घाबरणाऱ्या ४ ते ६ वर्षांच्या मुलांना कापडी कुत्रा दिला होता. काही मुलांना सांगितलं, हा तुला सांभाळेल. काहींना सांगितलं, हा घाबरतो, तू त्याला सांभाळ. दोन्ही गटांतल्या मुलांची भीती कमी झाली. मी मात्र दुसरा मार्ग घेते. घाबरलेल्याला थोपटताना मुलाचा स्वतःचा हात संथ होतो, आणि हात संथ झाला की बाकीचंही होतं.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. ती दुपारी झोपते का, आणि उठते किती वाजता? या वयात दिवसभराची मिळून १० ते १३ तास झोप लागते, दुपारची त्यातच धरून. दुपारी उशिरा उठलेल्या मुलाला साडेआठला कोणतीच गोष्ट झोपवू शकत नाही. आणि ती झोपेत घोरते का, श्वास अडखळतो का? तसं असेल तर गोष्टींच्या आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

शेवटचं, आणि मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तुम्ही राक्षसावर चार-पाच ओळी लिहिल्या आहेत आणि आई आता साडेदहाला येते हे एका ओळीत सांगून पुढे गेला आहात. दोन महिन्यांपूर्वी रोज रात्री तिच्या शेजारी आई असायची, आता नसते. दार उघड, बंद कर, परत उघड. ती दाराकडे का बघते, याचा एकदा विचार करा. तिच्या नावाची गोष्ट आणि तिची गोष्ट या दोन वेगळ्या आहेत. अ‍ॅपला तिचं नाव माहीत आहे, आवडता प्राणी माहीत आहे. तिच्या उशीजवळ रोज काय कमी आहे, ते फक्त तुम्हाला माहीत आहे. आईला गोष्टीत आणा. आई काम आवरते, निघते, जिना चढते, चपला काढते, हात धुते, खोलीत येते. आणि मुलगी झोपलेली असते. तिने जागं राहायची गरज नाही, ती झोपली तरी आई येतेच, हे तिला गोष्टीत रोज दिसू द्या.

सहा वर्षांच्या मुलाचा बाबा

ताईंचं शेवटचं वाचून थांबलो थोडा वेळ.

आमचा मुलगा स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे, त्यामुळे आमचा रस्ता थोडा वेगळा. कॅरल ग्रे यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला 'सोशल स्टोरी' नावाची पद्धत आणली. मुलाला अवघड जाणारा प्रसंग, त्यात काय होतं, कुणाला काय वाटतं, हे मुलाच्याच बाजूने, साध्या खऱ्या वाक्यांत लिहायचं. आम्ही सहा पानांची वही केली. प्रत्येक पानावर आमच्याच घरातला फोटो आणि खाली एक वाक्य. "मी दात घासतो." "बाबा दिवा बंद करतात." "अंधारात खोली तीच असते." "कधी कधी मला लगेच झोप येत नाही. ते चालतं." या शेवटच्या वाक्याने आमच्याकडे सगळ्यात जास्त फरक पडला. झोप येत नाही म्हणून तो घाबरायचा, ते थांबलं.

फक्त ही गोष्ट झोपताना वाचत नाही, संध्याकाळी उजेडात वाचतो. तिचा उपयोग पुढे काय होणार ते कळण्यासाठी, झोपवण्यासाठी नव्हे. २००४ साली अशाच धर्तीच्या गोष्टीचा झोपायला विरोध करणाऱ्या चार मुलांवर छोटा अभ्यास झाला होता, त्यातही त्रास कमी झालेला दिसला. मुलं चारच होती, त्यामुळे मी त्यावर फार भिस्त ठेवत नाही. आमच्या अनुभवावर ठेवतो.

लेकीचा बाबा

बारा दिवसांनी लिहितोय. आधी करून बघायचं होतं.

ताई, तुम्ही दुपारच्या झोपेचं विचारलंत आणि खरं सांगायचं तर मला माहीतच नव्हतं. पाळणाघरात विचारलं. तीन ते पावणेपाच झोपते! आता पावणेचारला उठवायला सांगितलं आहे. पहिले तीन दिवस संध्याकाळी चिडचिड झाली, मग बसली घडी. घोरत नाही. बायकोनेही दोन रात्री लक्ष ठेवून पाहिलं.

कोटाच्या खिशात एक जुनं तिकीट आणि बटण निघालं. बटण तिने स्वतःकडे ठेवून घेतलं. कोट आता बाहेरच्या खोलीत असतो. परवा जाता जाता त्याची बाही ओढून पुढे गेली, काही बोलली नाही.

नाव एकदाच घेतो. पहिल्या रात्री तिने हटकलं, "माझं नाव परत घे ना." मी म्हटलं, "हं," आणि खडूचा डबा बंद केला. दुसऱ्या रात्री पुन्हा म्हणाली. तिसऱ्या रात्री नाही. "मी उडाले" अजून येतं, पण "पाय गवताला लागले" हे आता ती स्वतःच म्हणते. आणि गवताला पाय लागल्यावर खरंच पाय लांब करते. ते जाणवलं तेव्हा मला पुढचं वाक्य सुचेना.

आईचं लिहितो. पहिल्या रात्री नुसतं म्हटलं, "आई आता काम आवरतेय." ती एकदम म्हणाली, "तिची बाटली राहिली असेल." मला काहीच कळलं नाही. मग सांगायला लागली. आई पाण्याची बाटली विसरते, मग परत जाते, म्हणून उशीर होतो. हे सगळं तिने तिच्या डोक्यात ठरवून ठेवलं होतं. म्हणजे दोन महिने ती रोज रात्री आईला घरी आणत होती, एकटीच, आणि मी शेजारी पडून तिला ढगांवर फिरवत होतो.

आता गोष्टीत आई बाटली विसरते. रोज. परत जाते, बाटली घेते, पिशवीत ठेवते. मग निघते. जिना चढते. पायऱ्या आम्ही मोजतो, सोळा आहेत. लेकीचे आकडे साधारण अकरापर्यंत ऐकू येतात. मग मी एकटाच मोजतो. सोळापर्यंत जातोच, मध्ये सोडत नाही.

तरी पहिल्या आठवड्यात तिचा एक प्रश्न होता: "मी झोपले तर आई आली हे मला कसं कळणार?" बायकोला सांगितलं. आता ती आल्यावर लेकीच्या कापडी हत्तीच्या सोंडेला स्वतःची केसांची रिबीन बांधते. सकाळी उठल्यावर लेक आधी सोंड बघते.

झोपायची वेळ आता नऊ ते सव्वानऊ. एकदा पावणेदहा झाले, पण त्या दिवशी तिला सर्दी होती.

एक नवीन गोष्ट झाली आहे, ती विचारायची होती. दोनदा ती झोप लागल्यावर दीड तासाने किंचाळत उठली. डोळे उघडे, पण मला ओळखत नव्हती. सकाळी काहीच आठवत नव्हतं. गोष्टीमुळे असेल का?

बालवाडीची ताई

सोळापर्यंत मोजता ते फार बरं करता.

किंचाळण्याचं वर्णन वाचून मला ती रात्रीची दचक वाटते, इंग्रजीत नाइट टेरर म्हणतात ती. ती झोपेच्या पहिल्या एक-तृतीयांश भागात, गाढ झोपेतून अर्धवट बाहेर येताना होते. वाईट स्वप्नं बहुतेक पहाटेकडे पडतात, मूल पूर्ण जागं होतं आणि काय दिसलं ते सांगतं. दचकेत ते जागं नसतंच, म्हणून ओळखत नाही आणि सकाळी आठवतही नाही. तिला हलवून उठवू नका, प्रश्न विचारू नका. जवळ बसा, पडू नये एवढं बघा. काही मिनिटांत आपोआप शांत होते. झोप कमी पडली किंवा वेळा बदलल्या की दचक वाढते, आणि तुम्ही नुकतीच दुपारची झोप तासाभराने कमी केली आहे. मी तुमच्या जागी असते तर पुढचे काही दिवस रात्री अर्धा तास आधी आडवं केलं असतं, म्हणजे गेलेली झोप भरून निघते. हे वारंवार व्हायला लागलं, किंवा अंग एकसारखे झटके देत असेल, तर डॉक्टरांना दाखवा, जमलं तर व्हिडिओ घेऊन.

सकाळी तिला त्याबद्दल विचारू नका. तिला माहीत नसलेली भीती आपण तिच्या हातात द्यायला नको.

दोन मुलांची आई

मी नाव काढून टाका म्हटलं होतं. आज मोठ्याला, तो आता नऊ वर्षांचा आहे, विचारलं की तुला लहानपणच्या त्या किल्ल्याच्या गोष्टी आठवतात का. म्हणाला, "घोडा आठवतो. तू मध्येच थांबवल्यास." आज रात्री घोड्याला पागेत नेऊन बांधते.

लेकीचा बाबा

ताई, आभार. आजपासून आठला.

उद्या बायकोला सुट्टी आहे, दोन महिन्यांत पहिल्यांदा झोपायच्या वेळी ती घरी असेल. लेकीने आताच सांगून ठेवलं आहे की आईने बाटली विसरायची गोष्ट आईनेच सांगायची, आणि पायऱ्या मी मोजायच्या.